दारू सुटली, घरातल्या मुलांचं काय?

वडिलांची दारू सुटते किंवा वडीलच जातात. घर शांत होतं. पण चाळिशीतली थोरली लेक अजूनही जिन्यावरच्या पावलांचा अंदाज घेत असते. साहेबांचा आवाज जरा चढला की तिच्या पोटात गोळा येतो, 'नाही' म्हणणं जमत नाही, सगळ्यांचं आपणच निस्तरायचं असं वाटत राहतं. तिला कुणी रुग्ण म्हणत नाही. उलट 'किती समजूतदार' असं कौतुकच होतं.

आपल्याकडे व्यसनाच्या उपचारात सगळं लक्ष पिणाऱ्यावर. १९८६ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या मुक्तांगणने पत्नींनाही सोबत घेतलं, ही मोठी गोष्ट. अमेरिकेत अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ ची, नातेवाइकांसाठीची अल-अनॉन १९५१ ची. मोठ्या झालेल्या मुलांचा वेगळा गट उभा राहायला मात्र तिथेही सत्तरचं दशक सरत आलं. 'अ‍ॅडल्ट चिल्ड्रन ऑफ अल्कोहोलिक्स' या गटात, घरी दारू नव्हती पण मारझोड किंवा सततचा धाक होता, अशांनाही जागा आहे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. सल्ला न देता ऐकून घेणं आपल्याकडे किती दुर्मीळ आहे, ते कुठल्याही लग्नघरात तासभर बसून पाहावं.

बालपणीचे असे अनुभव जितके जास्त, तितका पुढे नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकाराचाही धोका अधिक, हे फेलिट्टी आणि अँडा यांच्या १९९८ च्या अभ्यासात दिसलं. अर्थात धोका म्हणजे विधिलिखित नव्हे.

या गटाची १४ लक्षणांची यादी प्रसिद्ध आहे. ती इतकी सैल आहे की राशिभविष्यासारखी कुणालाही लागू पडावी. तिला निदान समजू नये. गटांच्या परिणामांवर भक्कम संशोधनही थोडंच आहे. झोप उडाली असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञच गाठावा; सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

खरी अडचण वेगळीच. 'आईबापांबद्दल चारचौघांत बोलायचं?' त्यात वडिलांवर जीवही असतो, म्हणून तोंड उघडताना आणखी अपराधी वाटतं. व्यसनमुक्ती केंद्रांनी आठवड्यातून दोन तास एक खोली अशा मुलांसाठी ठेवायला फारसा खर्च येणार नाही. रुग्णाला दाखल करतानाच विचारावं, मुलं किती वर्षांची? उत्तर 'पस्तीस' आलं, तरी नोंदवून घ्यावं.