मुठीतला इन्हेलर

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीला न्यूमोनिया झाला. वय ७१, दमा जुना. कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर आणली तेव्हा तिच्या मुठीत निळा इन्हेलर होता. तो दिसताच रात्रपाळीच्या सिस्टरने ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना हाक मारली आणि अर्ध्या तासात मावशी आयसीयूत होती. नवव्या दिवशी ती घरी आली. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं : न्यूमोनिया, दमा, प्रकृतीत सुधारणा. सिस्टरच्या धावपळीचा त्यात उल्लेख नव्हता, आणि तसा तो कधी नसतोच.

अशी हजारो कार्डं एकत्र करून संगणकाला शिकायला दिली, तर तो काय शिकेल?

याचं उत्तर एका पीएचडीच्या विद्यार्थ्याला फार पूर्वी मिळालं आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रिच करुआना संशोधन करत होते. न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाला घरी औषधं देऊन भागेल आणि कोणाला दाखल करून घ्यायलाच हवं, हे जुन्या नोंदींवरून यंत्राला शिकवायचं होतं. करुआनांचं न्यूरल नेटवर्क अचूकतेत बाकीच्या पद्धतींना मागे टाकत होतं. त्याच नोंदींवर एक सहकारी वेगळी प्रणाली चालवत होता, उत्तर साध्या नियमांत देणारी. तिने एक नियम काढला : दमा असेल तर न्यूमोनियाने दगावण्याचा धोका कमी.

डॉक्टरांना विचारल्यावर उलगडा झाला. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की त्याला बहुतेकदा थेट आयसीयूत नेत. उपचार लवकर आणि नेटाने होत, म्हणून त्यांतले जास्त लोक वाचत. माझ्या मावशीसारखेच. नोंदींतला तो कमी धोका डॉक्टर-नर्सच्या तत्परतेमुळे आलेला होता आणि यंत्राने तो दम्याच्या खात्यावर जमा केला. त्या नियमावर विसंबून दमेकऱ्याला घरी पाठवलं असतं, तर त्याला वाचवणारी नेमकी तीच गोष्ट हिरावली गेली असती.

करुआनांचं नेटवर्क काय शिकलं आहे, हे मात्र कोणालाच वाचता येत नव्हतं. दम्याची चूक सापडली म्हणून दुरुस्त करता आली असती. पण न सापडलेल्या अशा किती असतील? रुग्णांवर ते वापरायचं नाही, असं ठरलं. सगळ्यांत अचूक ठरलेली आपली मेहनत बाजूला ठेवायला तयार होणं, हे मला त्या संशोधनाचं सगळ्यांत मोठं यश वाटतं. पुढे २०१५ मध्ये करुआना आणि सहकाऱ्यांनी, प्रत्येक घटकाचा परिणाम आलेखावर उघडा दिसेल अशा पद्धतीने न्यूमोनियाच्या नोंदी पुन्हा तपासल्या. दमा तिथेही होताच. छातीत दुखण्याचा पूर्वेतिहासही ‘धोका कमी’ करताना दिसला. कारण तेच असावं : छातीत दुखतं म्हटलं की सगळे सावध होतात.

हे जुनं दुखणं अजून गेलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये छातीचे १,१२,१२० एक्स-रे संशोधनासाठी खुले केले. जगभरच्या विद्यार्थ्यांनी ते उतरवून घेतले. ऑस्ट्रेलियातले रेडिओलॉजिस्ट ल्यूक ओकडेन-रेनर यांनी मात्र बसून ते एक्स-रे डोळ्यांनी पाहिले. फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा आजार, म्हणजे न्यूमोथोरॅक्स, असलेल्या बऱ्याच चित्रांत हवा काढण्याची नळी आधीच बसवलेली होती. त्यांवर शिकलेलं यंत्र आजाराऐवजी नळीच ओळखत होतं, आणि नळी नसलेल्या रुग्णांत त्याची अचूकता बरीच घसरली. आणि निदानाची खरी गरज असते ती याच रुग्णांना.

आपल्याकडेही कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आरोग्य या विषयावर पीएचडी करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. माझं मागणं एवढंच की, आरोग्याच्या नोंदींवरच्या प्रत्येक प्रबंधात, त्या नोंदी कोणी, कुठे, कोणत्या घाईत केल्या, यावर एक पूर्ण प्रकरण असावं. त्यासाठी विद्यार्थ्याने काही महिने वॉर्डात बसावं. ओपीडीत रांग दारापर्यंत गेल्यावर रक्तदाबाच्या रकान्यात ओळीने १२०/८० कसं उतरतं, ते पाहावं. सहमार्गदर्शक म्हणून रोज रुग्ण तपासणारा डॉक्टर असावा आणि प्रबंधाच्या चर्चेला नर्सलाही बोलवावं.

यात वेळ जाईल, शोधनिबंध उशिरा निघतील, हा आक्षेप मला मान्य आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमांत, प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती काढून टाकली आहे. त्यातून मोकळा झालेला वेळ वॉर्डात खर्च व्हावा. कंपनीला उत्पादन बाजारात आणायची घाई असते. तीन-चार वर्षं एकाच प्रश्नाला धरून बसण्याची मुभा पीएचडीच्या विद्यार्थ्याला आहे, आणि ‘हे वापरू नका’ असं म्हणण्याचीही.

मावशीचं कार्ड तिच्या कपाटात आहे. उद्या त्यावरून कोणी यंत्राला शिकवणार असेल, तर त्याने आधी रात्रपाळीच्या त्या सिस्टरला गाठावं आणि विचारावं, इन्हेलर पाहून तुम्ही काय केलंत? तिचं उत्तर प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात यावं.