संमेलनाचं नाटक आणि सांजेची वाट

मंडळी, कांद्याची रोपं लागणीला आली, ज्वारी पोटरीत आली, की शाळेतून एक निरोप हमखास येतो. "संमेलनाच्या नाटकात तुमच्या मुलीला घेतलंय. उद्यापासून शाळा सुटल्यावर तालीम. सगळ्यांनी थांबायचंच." लेकरू आनंदानं उड्या मारतं. आणि घरात मात्र सुरू होतं, "इथं रोपं लावायला माणूस मिळेना, आणि हिला नाटक सुचतंय!"

माझ्याच घरची गोष्ट सांगते. आम्ही आणे पठारावरची माणसं. लेक आठवीत होती. नाटकात तिला सरपंचबाईचं काम मिळालं. भाकरी थापताना, शेळीला पाला टाकताना तिची भाषणं चालायची. शाळा पाचला सुटायची आणि मग तालीम सुरू व्हायची. थंडीच्या दिवसांत सहाला सूर्य बुडतो. आमची वस्ती गावाबाहेर. पहिले आठ दिवस तिचे वडील गाडीवर आणायला गेले. मग विजेची पाळी रात्रीची आली, लागण सुरू झाली, आणि एका संध्याकाळी ती एकटीच चालत आली. त्याच सांजेला शेजारच्या वस्तीवरची शेळी बिबट्यानं नेली.

झालं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी सांगून टाकलं, "नाटक बंद." संमेलन तीन दिवसांवर आलेलं. तिची वाक्यं दुसऱ्या कुणाला पाठ नव्हती. तो सगळा प्रवेशच गाळावा लागला. तिच्याबरोबरच्या दोन मुलांची कामंही गेली. शाळेत तिला ऐकवण्यात आलं, "आता तुझी श्रेणी कमी होणार." पोर आठ दिवस धड जेवली नाही. मैत्रिणी बोलेनात ते वेगळंच.

चूक कुणाची? पुष्कळ दिवस मी शाळेला बोल लावला. मग ध्यानात आलं, की निरोप आला त्या दिवशी आम्ही काहीच विचारलं नव्हतं, आणि शाळेनंही काही सांगितलं नव्हतं. दोघांनीही दिवस ढकलले आणि भुर्दंड पोरीनं भरला.

आपल्या तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारीख, गाव, बिदागी सगळं बोलून घेतात आणि मगच सुपारी देतात. ज्यांचं पोट खेळावर आहे ते आधी ठरवल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. मग आपल्या लेकराच्या नाटकाचं आपण का ठरवू नये?

तेव्हा यंदा निरोप आला की "हो" किंवा "नाही" म्हणण्याआधी दोघांपैकी एकानं शाळेत जावं आणि पाच गोष्टी विचाराव्यात. तालीम कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत? संमेलन दिवसा की रात्री? उशीर झाला तर मुलांना घरी कोण पोचवणार? कपड्यांचा खर्च किती? आणि मूल थांबू शकलं नाही तर श्रेणीचं काय? वहीच्या पानावर उत्तरं लिहून घ्या. यात भांडण नाही. उलट पालक विचारायला आले तर शिक्षकांनाही हुरूप येतो.

श्रेणीची भीती मात्र बाळगू नका. पहिली ते आठवीला कला हा विषय आहे आणि त्यात नाट्यही येतं. पण २०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्याचा अर्थच हा, की वर्षभराचं काम पाहून श्रेणी द्यायची, एका संध्याकाळवरून नव्हे. दहावीला चित्रकला, शास्त्रीय कला, लोककला यांतल्या प्रावीण्यासाठी वाढीव गुण मिळतात, पण त्याचे नियम निराळे आहेत. शाळेच्या संमेलनात उभं राहिलं म्हणून ते मिळत नाहीत आणि न राहिल्यानं जातही नाहीत.

आता गुरुजी-बाईंना हात जोडून थोडं सांगते. तालीम कलेच्या तासाला आणि मधल्या सुट्टीत बसवता येते. थांबायचंच झालं तर वस्तीवरच्या मुलांचे प्रवेश आधी घ्या, गावातल्यांचे मागून. मोठ्या कामाला दुसरं एक मूल तयार ठेवा, म्हणजे कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी सुतक आलं, तरी नाटक अडत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याला पडदा रंगवायला, पुठ्ठ्याचे मुकुट करायला, नाटकाच्या प्रती उतरवायला द्या. तेही नाटकाचंच काम आहे आणि तेवढ्याच मोलाचं. आणि संमेलन दुपारी घेतलं तर आयाबायाही पाहायला येतील. रात्रीच्या झगमगाटाला त्या येत नाहीत.

अंधाराची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्याचा वावर आहे. माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र काढावं लागलं, ते काय उगीच? शिवाय आपल्या पठारावरून कल्याण-अहिल्यानगर महामार्ग जातो. तिथल्या गाड्यांचा वेग पाहिला की मोठ्या माणसाचीही छाती दडपते. एका वाटेची मुलं एकत्र निघावीत, बरोबर एक मोठं माणूस आणि बॅटरी असावी, मोठ्यानं बोलत यावं. चार घरांनी वार वाटून घेतले तर कुणालाच रोज जावं लागत नाही.

आणि एकदा "हो" म्हटलं की मग शब्द फिरवू नका. नाटक म्हणजे मोटेचा नाडा. एक पदर तुटला की सगळी मोट विहिरीत. तेवढे दिवस पोराचं काम दुसऱ्यानं उचलावं. मुलाला "जा" आणि मुलीला "घरी ये" असंही करू नका. वाट दोघांना सारखीच अंधारी असते.

नारायणगावच्या विठाबाईंना १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते मान मिळाला. खेळ चालू असताना त्या पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. ऐकून ऊर भरून येतो. पण त्यांच्यामागे फडाचं पोट होतं. आपल्या लेकरांवर तसली सक्ती कशाला? त्यांनी हौसेनं उभं राहावं आणि सुखानं घरी यावं.

पुढच्या वर्षी आम्ही आधीच शाळेत गेलो. तालीम मधल्या सुट्टीत ठरली, आठवड्यातले दोनच दिवस थांबायचं ठरलं आणि शेजारची तीन घरं पाळीला तयार झाली. संमेलनाच्या दिवशी आजीचं नऊवारी नेसून लेक उभी राहिली. पहिलं वाक्य बोलताना तिचा आवाज कापला, दुसरं खणखणीत आलं. कांद्याचे चार वाफे मागं राहिले होते. ते आम्ही दुसऱ्या दिवशी लावले.