आपल्या नाल्याचं पाणी कोणत्या समुद्राला जातं?

पावसाळा आला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं. पुढारी सभेत बोलतात, साहेब लोक बैठकीत बोलतात, आपणही पारावर बसून बोलतो: "एवढं पाणी फुकट समुद्रात वाहून जातं." पण कोणत्या समुद्रात, असं कोणी विचारलं तर निम्मी सभा गप्प बसेल. वऱ्हाडात मात्र हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कारण आपल्या मुलखाचं पाणी एका नाही, दोन समुद्रांना जातं. आणि आता एका समुद्राकडे जाणारं पाणी दुसरीकडे वळवण्याच्या हजारो कोटींच्या योजना दारात येऊन उभ्या आहेत. त्या समजून न घेता टाळ्या वाजवल्या तर उद्या शेत आपलंच खराब होणार आहे.

आधी नकाशा नीट पाहू. मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात मुलताई तालुका आहे. तापी तिथंच उगवते आणि वर्धाही त्याच तालुक्यात उगवते. म्हणजे दोघींचं माहेर एक, सासर मात्र दोन टोकांना. तापी पश्चिमेला निघते, मेळघाटाच्या अंगानं खानदेशात उतरते आणि सुरतेखाली अरबी समुद्राला मिळते. वर्धा दक्षिणेला येते, अमरावती आणि वर्धा जिल्ह्यांची शीव सांभाळत कौंडण्यपुरावरून खाली जाते, पुढे पैनगंगेला पोटात घेते. मग वैनगंगेला भेटून तिची प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीत शिरते आणि तिचं पाणी आंध्रात बंगालच्या उपसागराला जातं.

या दोन पाण्यांमधला उंचवटा अमरावती जिल्ह्यातून जातो. वरूड, मोर्शी, तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगाव या भागाचं बहुतेक पाणी वर्धेला. वरूडची चुडामण तिकडेच जाते. अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव, दर्यापूर, भातकुलीचं पाणी पूर्णेला. धारणी-चिखलदऱ्याची सिपना सरळ तापीला. अकोल्यात उत्तरेकडून शहानूर आणि वान, दक्षिणेकडून काटेपूर्णा, मोर्णा, निर्गुणा आणि मन, या सगळ्या पूर्णेच्या लेकी. पूर्णा चांगदेवला तापीत मिळते. पण १९९८ पर्यंत अकोल्याचाच भाग असलेल्या वाशीमचा बराचसा मुलूख पैनगंगेचा, म्हणजे बंगालच्या उपसागराचा. उंचवट्यावरच्या एखाद्या शेतात तर धुऱ्याच्या अलीकडं पडलेला थेंब एका समुद्राचा आणि पलीकडं पडलेला दुसऱ्याचा.

फुकट जातं, हे खरं का?

नदीचं पाणी समुद्राला जाणं म्हणजे वाया जाणं, हा आपला समज अर्धा खोटा आहे. पूर्णेचं पाणी वाटेत हतनूरच्या धरणात थांबतं. विदर्भात पाऊस झाला की हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी येते ती यामुळेच. त्यावर जळगावची शेती चालते. पुढे गुजरातेत १९७२ साली पूर्ण झालेलं उकाई धरण भरतं, त्यावर सुरत जगतं. तापी खोऱ्याचं क्षेत्र सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर, आणि त्यातलं जवळपास ऐंशी टक्के महाराष्ट्रात. मोठं धरण मात्र गुजरातेत. ऑगस्ट २००६ मध्ये सुरत पाण्याखाली गेलं, तेव्हा त्या पुरात आपल्या शिवारातलंही पाणी होतंच.

पूर्वेकडे हेच. गोदावरीच्या मुखाशी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात धवळेश्वरमला बंधारा घातला आणि तिथला भाताचा मुलूख उभा राहिला. नदी समुद्राला गाळ देते म्हणून किनारा टिकतो, गोडं पाणी देते म्हणून खाडीत मासळी वाढते. वर धरणं झाली, गाळ अडला, तसा गोदावरीच्या मुखाकडचा किनारा खचू लागला. म्हणजे समुद्राला जाणारं सगळंच पाणी फुकट नसतं, त्यावर दुसऱ्या कोणाचं तरी पोट असतं.

मग वाया काय जातं? वाया जाते ती आपली माती. पहिल्या दोन-चार दणक्यांत नाला कसा गढूळ वाहतो ते डोळ्यांनी पाहतो आपण. ती गढूळ धार म्हणजे आपल्या शेताचं वरचं पान. पूर्णाकाठच्या गावांत घळी दरवर्षी आत सरकतात, सात-बाऱ्यावर एकर तेवढेच राहतात, जमीन मात्र कमी होते. पाणी पुढच्या वर्षी परत येईल, माती येणार नाही. भाषण करायचंच असेल तर यावर करा.

आणि वाया जातं ते आपण घाण केलेलं पाणी. अमरावती शहर सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी पितं. म्हणजे बंगालच्या उपसागराकडं निघालेलं पाणी आपण वाटेत उचलतो. तेच पाणी सांडपाणी होऊन अंबा नाल्यानं पेढीत, पेढीतून पूर्णेत, आणि तिथून अरबी समुद्राकडं जातं. दोन समुद्रांचं पाणी जोडण्याची योजना शासनानं आता काढली, अमरावतीकरांनी ती कधीचीच चालू केली आहे, गटारातून! हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावला याच पेढीच्या काठी देह ठेवला. त्या पेढीत आपण काय सोडतो? अकोल्याच्या मोर्णेची कथा वेगळी नाही. जानेवारी २०१८ मध्ये हजारो लोक जलकुंभी काढायला नदीत उतरले, देशभर नाव झालं. पण गटारं नदीतच सोडत राहिलो तर जलकुंभी परत येणारच. ती घाणीवरच पोसते.

पाणी आहे, पण खारं

आता मुख्य दुखणं. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट-तेल्हाऱ्याचा खालचा भाग, बाळापूर. इथला म्हातारा माणूस सांगतो, "विहिरीले पानी हाये बापू, पन तोंडात घालाच्या कामाचं नाही अन् पिकाच्या बी नाही." लोक म्हणतात, इथं पूर्वी समुद्र होता. पण समुद्राशिवायही पाणी खारं होतं. शेकडो मीटर जाडीचा गाळ, चिकट काळी माती, सपाट जमीन, निचरा नाही. पाणी मुरतं तिथंच अडकतं, वरून ऊन ओढून घेतं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षांचा हा हिशेब आहे. इथल्या शेतकऱ्यानं त्यातूनही वाट काढली. पावसावर मूग घ्यायचा, मग मुरलेल्या ओलीवर हरभरा. प्यायला मात्र लांबच्या धरणाचं नळाचं पाणी. अकोल्याकडची चौऱ्याऐंशी खेडी योजना सर्वांना ठाऊक आहे. नळ बंद पडला की गाव पुन्हा खाऱ्या पाण्यावर येतं.

या पट्ट्याला गोडं पाणी मिळालं पाहिजे, याबद्दल दुमत नाही. त्यासाठी दोन मोठ्या योजना पुढं आल्या आहेत. एक वैनगंगा-नळगंगा. गोसीखुर्दचं पाणी सुमारे ४२६ किलोमीटर कालव्यानं बुलडाण्याच्या नळगंगेपर्यंत आणायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तिला मंजुरी दिली. खर्च सुमारे ८८ हजार कोटी, भिजायचं क्षेत्र सुमारे पावणेचार लाख हेक्टर. दुसरी तापी महापुनर्भरण. १० मे २०२५ रोजी भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तिच्या करारावर सह्या केल्या. एकूण सुमारे ३१ टीएमसी, त्यातलं १९ टीएमसीच्या वर महाराष्ट्राचं. सातपुड्याच्या पायथ्याशी जिथं संत्रा-केळीसाठी बोअर खोल खोल गेले, तिथं पाणी जमिनीत मुरवायचं, असा तिचा विचार.

विरोध करायचं कारण नाही. पण आशेवर बसायचंही कारण नाही. ज्या गोसीखुर्दचं पाणी आपल्याला मिळणार, त्याचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झालं. सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटींचा होता. तो किती पटींनी फुगला आणि पाण्यासाठी किती पिढ्या थांबल्या, ते भंडारा-चंद्रपूरच्या शेतकऱ्याला विचारा. आपल्याकडे निम्न पेढी आणि पूर्णेवरची नेरधामना, घुंगशी बॅरेज ही नावं ऐकत पोरं मोठी झाली. बॅरेज बांधलं म्हणजे शेतात पाणी आलं असं होत नाही. उपसा पंप, वीजजोडणी, नळ्या हे सगळं लागतं. घरची अर्धी कामं पुरी करा, मग पूर्वेची नदी पश्चिमेला आणा.

निचऱ्याशिवाय पाणी नको

आणि एक अट आपणच घातली पाहिजे. ही अट आज कोणी बोलत नाही. खारपाणपट्ट्यात पाटानं मोकाट पाणी सोडलं तर दहा-पंधरा वर्षांत जमीन जाईल. खाली क्षार आहेतच. वरून पाणी भरलं की खालची पातळी वर येते, क्षार मुळाशी येतात, वर पांढरी बुरशी फुटावी तशी जमीन दिसते. हे भविष्य नाही. सांगली-कोल्हापूरकडं वाळवा-शिरोळच्या शेतकऱ्यांनी कृष्णेचं गोडंच पाणी दिलं, उसाला वर्षानुवर्षं भरपूर दिलं, आणि हजारो एकर काळीभोर जमीन क्षारपड झाली. आता तिथले शेतकरी पदरचा पैसा घालून जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकतात, पाणी बाहेर काढायला! त्यांच्याकडे ऊस होता, कारखाना होता, पैसा होता. आपल्या हरभरेवाल्यानं कुठून आणायचा?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. खारपाणपट्ट्यात पाणी बंद नळीतूनच यावं, तुषार किंवा ठिबकनंच द्यावं. प्रत्येक योजनेच्या अंदाजपत्रकात निचऱ्याच्या चरांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा. गावागावांत भूजलाची पातळी आणि क्षार दरवर्षी मोजून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यांना या कामात पहिल्या बैठकीपासून बसवावं, उद्घाटनाच्या दिवशी हार घालायला नको.

शासनाकडं मागायचं ते मागू, पण गावाच्या हातातलंही काही आहे. या मातीतून पाणी फार झिरपत नाही. विहिरीला हा शाप, पण शेततळ्याला वरदान. आपल्याच शिवारातला पाऊस अडवून हरभऱ्याला एक-दोन संरक्षित पाणी देता आलं, तर वैनगंगेची वाट पाहावी लागत नाही. उताराला आडवी पेरणी केली, धुऱ्यावर गवत राखलं, नाल्याच्या काठची झाडं तोडली नाहीत, तर माती घरात राहते. वरूड-मोर्शीकडं बोअरची खोली वाढवण्याची शर्यत थांबवून नाल्यात पाणी मुरवलं पाहिजे. सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळींनी येत्या ग्रामसभेत एवढं एक काम करावं: गावनकाशा भिंतीवर टांगावा, आपला नाला कोणत्या नदीला, ती नदी कोणत्या समुद्राला, ते पोरांकडून रंगवून घ्यावं. मग गावचं सांडपाणी कुठं पडतं ते त्याच नकाशावर दाखवावं. पुढचं भांडण आपोआप सुरू होईल, आणि ते भांडण व्हायलाच पाहिजे.

नदी समुद्राला जाणारच, तिला कोणी अडवू शकलेलं नाही आणि अडवूही नये. ती आपल्या शिवारातून जाताना किती थांबली, काय घेऊन गेली आणि काय ठेवून गेली, एवढंच आपल्या हातात आहे. पूर्णेनं खारं पाणी मागं ठेवलं, त्यात आपला दोष नव्हता. आता गोडं पाणी आणून जमीन खारवली, तर दोष कोणाचा ते ठरवायला समिती नेमावी लागणार नाही.