विश्लेषण : ‘पुढे काम चालू आहे’ हे चालकाला वेळेत का कळत नाही?

मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 पासून रखडत सुरू आहे. दर गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्यांना खड्ड्यांइतकीच भीती असते ती अंधारात अचानक समोर येणाऱ्या वळणाची. चुना मारलेले दगड, रिकामे पिंप, त्याला बांधलेली फाटकी लाल फीत, कुठे झाडाची फांदी. एवढ्यावर वाहतूक सोडून दिली जाते. राज्यात बहुतेक ठिकाणी हेच चित्र दिसते. वास्तविक या विषयाचे नियम आहेत आणि ते पुरेसे स्पष्ट आहेत.

नियम काय सांगतात?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘एसपी 55’ या मार्गदर्शिकेत कामाच्या ठिकाणाचे चार टप्पे केले आहेत. पहिला आगाऊ सूचनेचा, दुसरा मार्गिका हळूहळू बदलण्याचा, तिसरा प्रत्यक्ष कामाचा आणि चौथा वाहतूक पुन्हा पूर्ववत होण्याचा. आपल्याकडे बहुतेकदा तिसरा टप्पाच तेवढा दिसतो. फलक असतो, पण तो खड्ड्याच्या तोंडाशी.

अंतराला एवढे महत्त्व का?

ताशी 80 किमी वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे 22 मीटर पुढे जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंतचे अडीच सेकंद धरले, तर तेवढ्यातच 55 मीटर मागे पडतात. या वेगाला वाहन पूर्ण थांबण्यासाठी आपल्या मानकांनी 120 मीटर अंतर धरले आहे. त्यामुळे 20 मीटरवर लावलेला फलक इशारा देत नाही, फक्त अपघाताची जागा दाखवतो.

साधने नेमके काय काम करतात?

साधा रंग प्रकाश सगळीकडे विखुरतो. परावर्तक पट्टी मात्र हेडलाइटचा प्रकाश पुन्हा चालकाच्याच दिशेने पाठवते. चुना मारलेला दगड रात्री पावसात दिसत नाही आणि पट्टी दिसते, त्याचे कारण हे. पण तीच पट्टी चिखलाने माखली तर निरुपयोगी. सुरक्षा शंकू तिरक्या रांगेत लावले की चालक आपसूक शेजारच्या मार्गिकेत वळतो. प्लास्टिकचे बॅरिअर पाणी भरून एकमेकांत अडकवले तरच धडक सोसतात. रिकामे असतील तर तो नुसता देखावा. काम संपल्यावर फलक काढणेही तितकेच गरजेचे आहे. काम नसताना दिसणाऱ्या फलकांमुळे चालकाला खऱ्या फलकाकडेही दुर्लक्ष करण्याची सवय लागते.

जबाबदारी कोणाची?

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198-अ आले. रस्त्याचे आरेखन, बांधणी वा देखभालीची मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे हे कलम जागे होते ते कोणाचा तरी जीव गेल्यावर किंवा कोणी कायमचे जायबंदी झाल्यावर.

मग अडते कुठे?

पैशांपाशी. अनेक कंत्राटांत वाहतुकीची ही व्यवस्था कामाचाच अनुषंगिक भाग मानली जाते, तिचे वेगळे देयक नसते. साहजिकच जे वाचवता येते ते आधी इथेच वाचवले जाते. उपाय अवघड नाही. शंकू, बॅरिअर, फलक आणि रात्रीचे दिवे यांची निविदेत स्वतंत्र नोंद आणि मोजणी हवी. पाहणी दिवसा नव्हे, रात्री व्हावी आणि त्यात त्रुटी आढळली तर त्या महिन्याचे देयक रोखावे. डांबराची जाडी मोजल्याशिवाय बिल निघत नाही, तर माणसाच्या जिवासाठी लावायचे शंकू न मोजता ते का निघावे?