‘टेक’ म्हणजे घेणें नव्हे

इंग्रजी भाषेंतील अत्यंत कठीण क्रियापद कोणतें, असा प्रश्न आम्हीं यंदा नववीच्या वर्गास घातला. विद्यार्थ्यांनीं लांबलचक स्पेलिंगाचे व उच्चारावयास अवघड असे शब्द एकामागून एक सांगितले. ‘टेक’ हा इवलासा शब्द कोणाच्याही तोंडून निघाला नाहीं. तो बिचारा अगदीं पहिल्या पुस्तकांतला. ‘टेक’ म्हणजे घेणें, हें सर्वांस पाठ. आमचें मत मात्र असें आहे कीं, आमच्या विद्यार्थ्यांस इंग्रजींत जे गुण गमवावे लागतात, ते अवघड शब्दांपायीं थोडे आणि अशा पाठ झालेल्या सोप्या शब्दांपायीं फार.

हें मत आम्हीं हवेंत बांधलेलें नाहीं. गेल्या पावसाळ्यांत वर्गास किल्ला पाहावयास नेलें होतें. परत आल्यावर सहलीचा वृत्तांत प्रथम मराठींत व नंतर इंग्रजींत लिहिण्यास सांगितला. मराठी वृत्तांत बहुतेकांचे चांगले उतरले. त्यांतील कांहीं वाक्यें अशीं होतीं: गुरुजींनीं आम्हांस किल्ल्यांत नेलें. बोरी नदीवरील बांधापर्यंत पोंचण्यास बराच वेळ लागला. नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून कोसळणारें पाणी पाहून एक लहान मुलगा बिचकला. १६१३ सालच्या पाणी महालाच्या पायऱ्या ओल्या होत्या, म्हणून आम्हीं जोडे काढले. एका पाहुण्यास आम्ही वाटाड्या समजलों. शेवटीं सर्वांचा फोटो काढला.

वाचकांनीं या वाक्यांतील क्रियापदें मोजावीं. नेणें, लागणें, बिचकणें, काढणें, समजणें आणि पुन्हा काढणें. मराठींत हीं पांच निरनिराळीं क्रियापदें झालीं. इंग्रज मनुष्य या सहाही ठिकाणीं ‘टेक’ हें एकच क्रियापद वापरील. कोठें त्याच्या जोडीस ‘ऑफ’ देईल, कोठें ‘फॉर’, कोठें भीतीचा वाचक शब्द, इतकाच काय तो फरक. आणि सहाही वाक्यांत ‘घेणें’ शोधूं गेल्यास एकदांही सांपडत नाहीं! मग इंग्रजी वृत्तांतांत काय झालें असेल, हें सांगावयास नको. जोडे ज्यांनीं ‘रिमूव्ह’ केले ते निभावले. परंतु त्यांनींच फोटोही ‘रिमूव्ह’ केला, म्हणजे सर्वांनीं हौसेनें काढलेला फोटो इंग्रजींत भिंतीवरून उतरवून ठेवला. मुलांस ‘टेक’ ठाऊक नव्हता असें नाहीं. तो वाक्यांत कोठें बसतो, हें ठाऊक नव्हतें.

‘घेणें’ आणि ‘टेक’ यांचें सख्य मुळींच नाहीं, असेंही कोणीं समजूं नये. औषध घेणें, शपथ घेणें, सूड घेणें, भाग घेणें, काळजी घेणें येथें दोघे हातांत हात घालून चालतात. किल्ला घेणें तर उत्तम उदाहरण. विजापूर १६८६ सालीं मोगलांनीं घेतलें, हें वाक्य कोणत्याही विद्यार्थ्यानें डोळे मिटून इंग्रजींत न्यावें. घात होतो तो या सख्यामुळेंच. दहा ठिकाणीं सोबत करणारा सोबती अकराव्या ठिकाणीं वाट सोडून जातो, तें ध्यानांत येत नाहीं. कर्ज आपण काढतों, इंग्रज तें घेतो. स्नान आपण करतों, इंग्रज तेंही घेतो.

सर्वांत मौज परीक्षेची आहे. मराठींत विद्यार्थी परीक्षा देतो व शिक्षक ती घेतो. इंग्रजींत नेमकें उलट. विद्यार्थी ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’. व्यवहार एकच, दोन्ही भाषांनीं तो देण्याघेण्याचाच मानला, पण देणारा कोण आणि घेणारा कोण यावर त्यांचें पटलें नाहीं. मराठी मनास परीक्षा ही आपल्या अभ्यासाची दिलेली साक्ष वाटते आणि इंग्रजास ती अंगावर घेतलेली कामगिरी वाटते, अशी एक उपपत्ति आम्हांस सुचते. तिचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. कारण ‘परीक्षेस बसणें’ हा आपला दुसरा प्रयोग इंग्रजी ‘सिट’ या क्रियापदाशीं तंतोतंत जुळतो, आणि मग उपपत्ति लंगडी पडते.

एका शब्दावर इतका भार कां पडला, याचा इतिहास मनोरंजक आहे. ‘टेक’ हा शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हेच. आठव्या शतकाच्या अखेरीपासून डेन्मार्क व नॉर्वेकडील लोक इंग्लंडांत स्वाऱ्या करीत आले व पुढें तेथेंच वसले. त्यांच्या भाषेंतून तो आला. इंग्रजांचा स्वतःचा जुना शब्द ‘निमन्’ असा होता. त्यास या परक्या शब्दानें हांकलून लावलें. थंडीनें बोट बधिर झालें म्हणजे इंग्रज त्यास ‘नम्ब’ म्हणतो, त्यांत त्या जुन्या शब्दाचा अवशेष उरला आहे. थंडीनें घेतलेलें बोट, असा त्याचा मूळचा अर्थ. शिकून घेण्याजोगी गोष्ट याहून पुढची आहे. ‘टेक’चा नातलग शब्द गॉथिक या प्राचीन भाषेंत आढळतो, आणि तेथें त्याचा अर्थ घेणें असा नसून स्पर्श करणें असा आहे. आतां आपल्या ‘लागणें’कडे पाहावें. संस्कृतांतील ‘लग्’ धातूपासून तें आलें. चिकटणें, स्पर्श होणें हा त्याचा मूळ अर्थ. हात लागला, तहान लागली, वेळ लागला, आग लागली, झोप लागली, नोकरी लागली, लेकरूं रडूं लागलें! वेळ लागणें यास इंग्रजींत ‘टेक’ कां म्हणतात, हें ज्या मुलास घोकूनही राहत नाहीं, त्यास हे दोन्ही शब्द मुळांत स्पर्शाचे आहेत असें एकदां सांगून पाहावें. आम्हीं सांगून पाहिलें आहे, आणि तें राहतें.

नळदुर्गच्या मुलास तर हें अधिकच सोपें जावें. आमच्या बाजारांत मराठी, कानडी व दखनी या तिन्ही भाषा कानांवर पडतात. कानडींत ‘हत्तु’ असें एक क्रियापद आहे. जिना चढणें तें ‘हत्तु’, विस्तव पेटणें तें ‘हत्तु’, आणि उत्तर कर्नाटकाच्या बोलींत एखादें काम करूं लागणें तेंही ‘हत्तु’. दखनींत ‘लगना’ हेंच सारें काम करतें. ज्या मुलाच्या जिभेवर एकाच शब्दाचे दहा उपयोग तीन भाषांतून सहज खेळतात, त्यानें ‘टेक’पुढें कां घाबरावें? त्याला ‘लागणें’चे अर्थ कोणीं पाठ करावयास दिले होते काय? आईनें हांक मारली, ‘भूक लागली का रे?’ आणि त्याला तें समजलें.

कोश करणारांसही हीच वाट धरावी लागली. कॅरे यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें. मोल्सवर्थचा मोठा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. ‘लागणें’ या शब्दास त्यांत किती जागा द्यावी लागली, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः पाहावें. ऑक्सफर्डच्या थोर कोशाचे संपादक मरे यांनीं प्रथम अर्थ ठरवून मग उदाहरणें शोधलीं नाहींत. पुष्कळ वाचकांनीं पुस्तकांतून वाक्यें उतरून चिठ्ठ्या पाठविल्या, त्या चिठ्ठ्या लावून पाहतां पाहतां अर्थ हातीं आले. त्या कोशाच्या १९८९ सालच्या आवृत्तींत एकट्या ‘सेट’ या शब्दाचे सुमारें ४३० अर्थ दिले आहेत. ते सर्व कोणी इंग्रजही पाठ करीत नसेल.

जातां जातां एक गोष्ट सांगतों. १८५३ नंतर कांहीं वर्षें नळदुर्गास अधिकारी म्हणून राहिलेल्या मेडोज टेलर यानें त्यापूर्वीं, १८३९ सालीं, ठगांवर एक कादंबरी लिहिली होती. ‘ठग’ हा आपला शब्द इंग्रजांच्या घरोघर पोंचविण्यांत त्या पुस्तकाचा मोठा वांटा आहे. इंग्रजीनें आपल्यापासूनही घेतलें आहे, तें असें.

यांत आमचाही दोष आहे, आणि तो झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. फळ्याच्या डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, मधें बरोबरीची खूण, असें आम्हीं स्वतः कित्येक वर्षें लिहीत आलों. ती बरोबरीची खूण खोटी आहे. राज्यांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते; तेव्हां ही खोटी खूणही आतां सहाव्या वर्षींच मुलाच्या वहींत उतरते.

पालकांशीं यापुढचें बोलणें थोडें नाजूक आहे. मागील सत्रांत एक सद्गृहस्थ आम्हांस भेटावयास आले. म्हणाले, “सर, पोराशीं घरीं मराठी बोलायचंच सोडून दिलंय आम्ही. तुम्ही रोज पन्नास शब्द पाठ घ्या त्याच्याकडून.” त्यांची कळकळ खरी होती. शेतीच्या उत्पन्नांतून फी भरणारा बाप मुलाची इंग्रजी सुधारावी म्हणून धडपडतो, त्यास हंसणें आम्हांस शोभणार नाहीं. परंतु त्याच मुलाच्या मराठी निबंधांत आम्हांस ‘मी सकाळीं अंघोळ घेतली’ आणि ‘आम्ही फोटो घेतले’ अशीं वाक्यें आढळलीं होतीं. इंग्रजी अद्याप आली नव्हती आणि मराठी निघावयास लागली होती. ‘वाचून घे’, ‘वाचून काढ’, ‘वाचून टाक’, ‘वाचून दाखव’ या चार आज्ञांतील भेद ज्यास घरीं ऐकून कळतो, त्यालाच क्रियापदाच्या जोडीस दुसरा शब्द आल्यानें अर्थ पालटतो हें उमगतें. आणि ‘टेक ऑफ’, ‘टेक आफ्टर’, ‘टेक ओव्हर’ यांतील भेद त्याच्याच डोक्यांत शिरतो. घरची मराठी बंद केली म्हणजे इंग्रजीस जागा रिकामी होते, अशी समजूत पुष्कळांची आहे. आम्हांस तर तेथें शिडीच काढून घेतल्यासारखें दिसतें.

हें सर्व ऐकून ते गृहस्थ कांहीं वेळ गप्प बसले. मग त्यांनींच सांगितलें. सहामाहीच्या आदल्या रात्रीं मुलगा आजीस म्हणाला, “आजी, उद्यां मी परीक्षा घेणार आहे.” म्हातारीनें विचारलें, “कोणाची रे बाबा?” घरांत सर्व हंसले, मुलास मात्र त्यांत हंसण्यासारखें काय तें कळलें नाहीं. हें शेवटचें सांगतांना त्यांचा स्वर उतरला होता.

पुढील सत्रापासून आमच्या वर्गांत शब्दार्थांची वही बंद होईल. तिच्या जागीं वाक्यांची वही येईल. डाव्या पानावर घरीं ऐकलेलें मराठी, कानडी अथवा दखनी वाक्य, जसें कानावर पडलें तसें; उजव्या पानावर तेंच इंग्रजींत. डावें पान भरण्याचें काम पालकांचें, आणि घरांत आजीआजोबा असतील तर प्रथम त्यांचें. त्या मुलानें आपली वही आतांच सुरू केली आहे. पहिल्या पानावर त्यानें आजीचाच प्रश्न लिहून आणला. उजवें पान अजून कोरें आहे.