महामार्ग झाला, पाणंदीचे काय?

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही दाबाची वाहिनी सुरू झाली, दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाला जोडले गेले आणि 'एक राष्ट्र, एक ग्रिड' ही कल्पना प्रत्यक्षात उतरली. जुलै २०१२ मध्ये जवळजवळ निम्मा देश अंधारात बुडाला होता. त्या पार्श्वभूमीवर हे यश निःसंशय अभिमानास्पद होय.

परंतु महामार्ग झाला म्हणून शेताची पाणंद आपोआप सुधारत नाही. पंपापर्यंत वीज येते ती उपकेंद्र, ११ केव्हीची वाहिनी, गावचे रोहित्र आणि तेथून लोंबणाऱ्या तारा या मार्गाने. लघुदाबाच्या तारा जितक्या लांब, तितकी गळती अधिक. दाब घसरतो, मोटार जळते, आणि रोहित्रच जळाले की उभे पीक करपते. पंपाजवळच लहान रोहित्र देणारी उच्चदाब वितरण प्रणाली हा त्यावरील परीक्षित उपाय आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे उद्दिष्ट दिवसा वीज देण्याचे आहे. तिचे मोल रात्री विंचू-सापांच्या भयात दारे धरणाऱ्यास विचारावे.

केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत जाळ्याच्या बळकटीकरणासोबत स्मार्ट मीटरही आहेत. मीटर वीज मोजते, सुधारत नाही. म्हणून ते प्रथम वाहिनीवर व रोहित्रावर बसावे, गळतीचे ठिकाण उघड व्हावे, तारा बदलाव्यात. मगच ते घराच्या भिंतीवर यावे. ग्राहकानेही शेजारच्या आकड्याकडे डोळेझाक करू नये. त्या चोरीची भरपाई अखेर प्रामाणिकपणे देयक भरणाऱ्याच्याच खिशातून होते.

देशाचे जाळे एक झाले. त्या एकतेचा प्रत्यय शेवटच्या खांबाजवळील माणसास यावा, हेच उरलेले कार्य आहे.