नाक समोर आले की…

पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने नव्या विद्येच्या नादी लागू नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. पण गेल्या दिवाळीत चिरंजीवांच्या हट्टापायी घरात कॅमेऱ्याचा ड्रोन आला. अमेरिकेतला भाचा तिकडून आणणार होता. परंतु फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. तेव्हा इथेच तयार झालेला घेतला. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत. म्हणजे सरकारी भाषेत ‘नॅनो’. त्याला वैमानिकाचा परवाना लागत नाही, एवढे ऐकूनच माझी छाती फुगली.

म्हटले, मार्वेच्या किनाऱ्यावर उडवू! चिरंजीवांनी सरकारी हवाई नकाशा उघडला. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यात तीन रंग. हिरव्यात चारशे फुटांपर्यंत परवानगी नको; पिवळ्यात विमानवाहतूक नियंत्रकांची हवी; तांबड्यात थेट केंद्र सरकारची. आता आमचे मालाड बसले आहे कसे पाहा : पश्चिमेला मार्वेलाच नौदलाचे ‘हमला’, दक्षिणेला जुहू आणि सांताक्रूझचे विमानतळ, पूर्वेला राष्ट्रीय उद्यान. त्यातून एखादी फट राहिलीच, तर ड्रोनबंदीचे पोलिसी हुकूम मुंबईत वरचेवर निघतात. देवाला कौल लावावा तसे चिरंजीव एकेक जागा बोटाने दाबून पाहत होते. कौल एकच!

अखेर मार्गशीर्षात आम्ही वाड्याला मावसभावाच्या शेतावर गेलो. भात कापून झाले होते. नकाशाचा रंग हिरवा होता.

उपग्रहांशी सूत जुळेपर्यंत उडवायचे नाही, हा पहिला धडा. तेव्हाच यंत्र ‘घर’ कुठे ते लक्षात ठेवते. संपर्क तुटला तर तिथेच परतते. परतते ते मात्र आपण ठरवून दिलेल्या उंचीवरून, आणि वाटेत त्याहून उंच ताड असला तर सरळ ताडावर. म्हणून बांधावरचा सर्वांत उंच ताड हेरून उंची त्याच्याही वर ठेवली.

ड्रोनचे नाक पुढे होते तोवर मी निष्णात वैमानिक होतो. नाक माझ्याकडे वळले आणि डावे-उजवे उलटले. वीस वर्षे आरशात पाहून दाढी करणाऱ्याला हे जमायला हवे होते! भावाची सहा वर्षांची नात पळत पुढे आली. तिच्यापासून दूर न्यायला मी दांडी उजवीकडे ढकलली. ते नेमके तिच्याच अंगावर निघाले. मी आणखी जोराने ढकलली.

“बाबा, हात सोडा! दोन्ही!”

सोडले. ड्रोन तिच्या तोंडापासून चार हातांवर जागच्या जागी घुमत राहिला. बोट कापेल अशी ती पाती. पोरगी टाळ्या पिटत होती. माझे पाय मात्र लटपटत होते. पुढचे दोन तास मी छातीएवढ्या उंचीवर नाक समोर धरून चौकोनच काढले, आणि मुलांना ओट्यावर बसवून.

परवा सोसायटीचे चिटणीस आले. “सर, गच्चीवरून रांगोळीचा फोटो हवा. पाच मिनिटांचे काम, कोण बघतंय?” मी त्यांच्यापुढे नकाशा धरला. ते जरा रागावलेच. फोटो शेवटी मीच काढला, पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून. खालून सौभाग्यवतींनी शिडी धरली होती आणि मी उतरेपर्यंत त्या अखंड बोलत होत्या.